निवारा आणि घर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात नेहमी सांगत की, समानार्थी म्हणून वापरले जाणारे दोन शब्द सहसा समान अर्थाचे नसतात. त्या शिकवणीचा आधार घेऊन आज मी दोन शब्दांविषयी बोलणार आहे : निवारा आणि घर. विषय भाषेचा वाटला तरी तो शासनाच्या अंदाजपत्रकाचाही आहे.

'निवारा' हा शब्द 'निवारणे' या क्रियापदाशी बांधलेला आहे. ऊन, पाऊस, थंडी यांचे निवारण करतो तो निवारा. संस्कृत 'गृह' शब्दापासून प्राकृतातून आलेल्या 'घर' शब्दाचा पसारा याहून पुष्कळ मोठा आहे. घराला आतून लावायची कडी असते, चूल असते, पत्ता असतो. निवाऱ्यात माणूस जातो; घरी तो परत येतो.

हा भेद मला एका विद्यार्थ्याने शिकवला. एम. ए.च्या वर्गातला तो बुद्धिमान मुलगा. पुढे त्याला मनोविकार जडला, आईवडील गेले, भावांचे संसार वेगळे झाले आणि काही वर्षांनी तो मला इंदूरच्या रेल्वे स्थानकाबाहेर पथारी टाकून बसलेला दिसला. मी त्याला रुग्णालयात नेले. औषधांनी तो सुधारला. सोडतेवेळी भरायच्या कागदावर पत्त्याचा रकाना होता. तो कोराच राहिला. महिनाभरात तो पुन्हा पथारीवर. "गोळ्या का घेत नाहीस?" असे मी रागावून विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, गोळ्या ठेवू कुठे?" त्याची पिशवी त्या महिन्यात दोनदा चोरीला गेली होती.

आमच्या घरामागे तेव्हा एक खोली रिकामी होती. आधी त्याने नियमाने औषध घ्यावे, मग खोलीचे पाहू, असे मी ठरवले होते. मी त्याला ब्लँकेट दिले, स्वेटर दिला, पैसेही दिले. तिसऱ्या हिवाळ्यात तो गेला. खोली रिकामीच होती.

मी जी अट घातली होती, तीच अट अनेक वर्षे जगातील बहुतेक शासनांनी घातली आहे, हे मला नंतरच्या वाचनातून कळले. आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, शिस्त दाखवा, आणि पायरी पायरीने चढत घरापर्यंत या, अशी ती रीत. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. त्यांच्या संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना थेट स्वतंत्र, भाड्याचे घर दिले. अटी मुख्यतः दोन : उत्पन्नाच्या तीस टक्के रक्कम भाडे म्हणून द्यायची आणि कार्यकर्त्याला नियमित भेटू द्यायचे. औषध घेण्याची सक्ती नव्हती. औषध, डॉक्टर आणि मदतीचा हात मात्र दाराशी होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर यातील ८८ टक्के लोक घरात टिकून होते. जुन्या रीतीने घर मिळालेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते. या पद्धतीला 'घर आधी' असे नाव पडले. अशा घराला आपण मराठीत 'आधारासह कायम निवास' म्हणू.

या तीन शब्दांत शासकीय खर्चाची तीन खाती दडली आहेत. 'निवास' म्हणजे इमारत बांधणे किंवा खोली भाड्याने घेणे. हा खर्च लोकांच्या डोळ्यांना दिसतो, त्याचे उद्‌घाटन करता येते. 'कायम' म्हणजे दरमहा भाड्यातील तूट भरून काढणे. जोवर तो भाडेकरू आहे तोवर हा खर्च चालू राहतो. आणि 'आधार' म्हणजे परिचारिका, समाजसेवक, डॉक्टर यांचा पगार. पहिले खाते भरले आणि उरलेली दोन रिकामी ठेवली, तर काही काळाने तीच इमारत पुन्हा ओस पडते किंवा कोंडवाडा बनते. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी कायद्याने बेघरांसाठी केंद्रीय निधीची वाट मोकळी झाली, आणि २००९ च्या कायद्याने विखुरलेल्या योजना एकत्र आल्या. माजी सैनिकांच्या बाबतीत गृहनिर्माण खाते भाड्याचा भार उचलते आणि सैनिक कल्याण खाते आधार पुरवते. दोन खात्यांचा पैसा एकाच दाराशी येतो. २०१० ते २०२४ या काळात तेथील बेघर माजी सैनिकांची संख्या निम्म्याहून अधिक घटली.

फिनलंडने हे सर्वांत नेटाने केले. २००८ पासून शासन, नगरपालिका आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून निवारेच घरांत बदलायला घेतले. हेलसिंकीमध्ये १९८५ साली निवाऱ्यांत दोन हजारांहून अधिक खाटा होत्या. २०१६ पर्यंत पन्नासच्या आसपास उरल्या. खाट गेली आणि तिच्या जागी किल्ली असलेली खोली आली. १९८७ साली देशात अठरा हजारांवर बेघर होते. २०२३ अखेर ती संख्या साडेतीन हजारांच्या आत आली. २०२४ मध्ये ती पुन्हा काहीशी वाढली. त्याच वर्षी तेथील शासनाने भाडे-साहाय्यात कपात केली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथे दोन शंका घेतल्या जातात. पहिली, हा पैसा वाया जात नाही काय? कॅनडाच्या केंद्र शासनाने २००८ साली अकरा कोटी डॉलर देऊन पाच शहरांत सुमारे दोन हजार लोकांवर याचा मोठा प्रयोग केला. ज्यांची रुग्णालय, पोलीस, तुरुंग यांत सतत ये-जा चालू असते, अशा थोड्या लोकांच्या बाबतीत घर दिल्याने खर्चाहून अधिक बचत झाली; इतरांच्या बाबतीत खर्चाचा काही भागच भरून निघाला. तेव्हा 'यात शासनाचा फायदाच फायदा आहे' असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. दुसरी शंका, घर मिळाल्याने रोग बरा होतो काय? होत नाही. निरनिराळ्या प्रयोगांतून घर टिकते हे निःसंशय दिसले. व्यसन किंवा मनोविकार इतर पद्धतींपेक्षा फार अधिक सुधारतो असे दिसले नाही. परंतु घराकडून औषधाचे काम मागणे हीच मुळात चूक आहे. घर ही औषध ठेवण्याची जागा आहे.

हे धोरण अजून कोठेही निश्चिंत नाही. जानेवारी २०२४ च्या गणनेत अमेरिकेत ७,७१,४८० बेघर मोजले गेले; मग इतक्या वर्षांच्या 'घर आधी'चा उपयोग काय, असा प्रश्न तेथे विचारला गेला. घरे दिली गेली त्याहून वेगाने भाडी वाढली आणि माणसे रस्त्यावर आली, असे यावरचे उत्तर आहे. तरीही जुलै २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने या धोरणाचा केंद्रीय आधार काढून घेण्याची दिशा धरली. नोव्हेंबरमध्ये गृहनिर्माण खात्याने कायम निवासावरील निधीचा वाटा तीस टक्क्यांवर रोखण्याची सूचना काढली आणि वाद न्यायालयात गेला. 'कायम' हा शब्द कागदावर लिहिणे सोपे असते. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात तो टिकवावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे सांगितले. २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानात केंद्राने निवाऱ्यांसाठी निधीची तरतूद केली आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागेचा निकष घातला. हे पाऊल मोलाचे होते. थंडीत माणसे मरतात, त्यांना निवारा हवाच. पण आपला विचार 'निवाऱ्या'पाशी थांबला, हेही खरे. आणि निवाऱ्याचा विचारही जिथे सुटतो तिथे काय होते, ते आपल्या इंदूरने जानेवारी २०२१ मध्ये पाहिले. वृद्ध बेघरांना गाडीत घालून शहराबाहेर सोडण्यात आले, आणि जवळच्या गावकऱ्यांनी हटकल्यावर परत आणावे लागले.

पुढची वाट आपल्या देशात नाही असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने सांगितले आहे की, केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहण्याची सोय शासनाने करावी किंवा तिला साहाय्य द्यावे. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने २०१५ पासून चार-पाच जणींना साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहायला दिले, सोबत मदतनीस दिली; पुढे हा उपक्रम महाराष्ट्रातही आला. कायदा आहे, नमुना आहे. दरमहाचे भाडे आणि मदतनिसाचे वेतन यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र, दरवर्षी चालणारे खाते हवे. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज शासनात, नगरपालिकेत, लेखा विभागात आहेत. ही मागणी मी त्यांच्यापुढे ठेवतो.

माझ्याकडे खोली होती आणि मी अट घातली. शासनाची चूक सांगताना ती माझी चूक लपवावी असे मला वाटत नाही. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याजवळ उत्तर होते, दहा पावलांवर, कुलूप लावलेले. ते मी उघडले नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हाती अशी एखादी किल्ली असेल, तर आधी दार उघडा. औषधाचे मग पाहता येते.