अम्मीला सांगू नका, कॉलेज बंद होईल

माझी भाची एफवाय बीएस्सीला आहे. सकाळी साडेसहाची एसटी पकडते, नगरला माळीवाडा स्टँडवर उतरते आणि तिथून चालत कॉलेजला जाते. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा महिनाभर स्टँडपासून वर्गाच्या दारापर्यंत तिच्या मागे येत होता. त्याच कॉलेजचा, शेवटच्या वर्षाचा. एकदा ग्रंथालयात समोर बसून त्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला. हे तिने घरात कोणालाच सांगितले नव्हते. मला सांगितले ते ईदनंतर, आमच्याकडे राहायला आलेली असताना, रात्री भांडी आवरता आवरता. आणि पहिले वाक्य आपल्या घरच्या दखनीत होते, "खाला, अम्मीको नको बोलो, कॉलेज बंद कर देंगे."

त्या मुलापेक्षा तिला आपल्या घराची भीती जास्त होती. तिची भीती चुकीची होती असेही मला म्हणता येईना. आपल्या किती घरांत असे घडले आहे ते आपण सगळ्याजणी जाणतो. मुलीने छेडछाडीची तक्रार केली की मुलगा मोकळा फिरतो आणि मुलीची बॅग माळ्यावर जाते. वर्षभरात निकाह ठरतो. म्हणून मुली बोलत नाहीत, आणि मुली बोलत नाहीत म्हणून कॉलेजच्या वहीत काही नोंद होत नाही.

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. बारावीपर्यंत गावात किंवा तालुक्याला भागते, पुढे मुलींना श्रीरामपूर, संगमनेर, लोणी, नगर असे लांब जावे लागते. कॉलेजची सुरक्षितता म्हणजे नुसते आवार आणि गेटवरचा वॉचमन नव्हे. स्टँड, एसटी, ती चालण्याची पंधरा मिनिटे, वसतिगृह, कॅन्टीनमागची मोकळी जागा, आणि आता मोबाइलवरचा वर्गाचा ग्रुप, हे सगळे त्यात येते.

सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घ्यायला याच नगरला आल्या होत्या, सिंथिया फरार बाईंच्या शाळेत. पुढे पुण्यात शाळेच्या वाटेवर त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई, हे आपल्या मुलांच्या पुस्तकातही असते. त्यांनी १८५६ साली जोतिबांना लिहिलेल्या एका पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्याने कामाचा भार फातिमावर पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचा. मला ते पत्र फार आवडते. तरी त्यातली ही एक गोष्ट आपण नको तिथे वापरली असे वाटते. "कुरकुर न करणारी" हे कष्टांच्या बाबतीत कौतुक आहे. पाठलाग करणाऱ्याच्या बाबतीत ते कौतुक होऊ शकत नाही.

प्रवेशाच्या दिवसांत काही संस्था अभिमानाने सांगतात, "आमच्याकडे एकही तक्रार नाही." पालक खूश होतात. मला मात्र या शून्याची धास्ती वाटते. हजार-दोन हजार तरुण मुले-मुली जिथे रोज येतात तिथे वर्षभरात एकही वावगा प्रकार होत नाही, हे मनाला पटत नाही. शून्याचा अर्थ बहुधा एवढाच की तक्रार कुठे करायची ते मुलांना माहीत नाही, किंवा केली तर काय होईल ते चांगलेच माहीत आहे.

अमेरिकेत एका आईबापाने हा शून्याचा खेळ मोडला. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी तिथलाच विद्यार्थी होता. आवारात आधी काय काय घडले होते हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, अशी आईवडिलांची तक्रार होती. त्यांच्या पाठपुराव्याने १९९० मध्ये कायदा झाला. आता तिथे सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला, अगदी दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या छोट्या कम्युनिटी कॉलेजलाही, दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. सुरक्षा विभाग असेल तर रोजची गुन्हे-नोंद कोणालाही पाहता येते. तिथेही लपवाछपवी चालते. मिशिगन स्टेट विद्यापीठाला २०१९ मध्ये ४५ लाख डॉलरचा दंड झाला तो काही उगाच नाही. पण दंड होतो, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे कॉलेजच्या आवाराचे असे पत्रक पालकांच्या हाती पडत नाही. तरीही कायदे आहेत, आणि ते बऱ्याच घरांना वाटतात त्यापेक्षा बळकट आहेत. अडचण एका शब्दापाशी येते. तो शब्द म्हणजे 'लेखी'.

डॉ. पायल तडवी आपल्याला आठवत असेल. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली मुस्लिम मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. वरिष्ठ तीन महिला डॉक्टर जातीवरून छळत होत्या असा घरच्यांचा आरोप. तिघींना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. आई आबेदा तडवी सांगत राहिल्या की आपण वरिष्ठांच्या कानावर वारंवार घातले होते. प्रशासनाचे म्हणणे असे की आमच्याकडे लेखी तक्रार आलीच नाही. कोर्टाने काय ठरवायचे ते कोर्ट ठरवील. आबेदाबाई पुढे रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कॉलेजांतला भेदभाव रोखण्याचे नियम कागदावरून खाली उतरावेत म्हणून. पण ते वाचताना माझ्या मनात दुसरेच येत होते. आपल्यापैकी किती आया कॉलेजात जाऊन हात जोडून सांगून येतात आणि समजतात की तक्रार झाली! तक्रार तेव्हा होते जेव्हा अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडतो. त्याला पोच म्हणतात.

तर अर्ज कुठे द्यायचा?

लैंगिक छळाचा प्रकार असेल तर प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम तसे सांगतात. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. उशिराचे कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. कॉलेजने सोय केलेली बस, सहल, शिबिर, स्नेहसंमेलन, हे सगळे या नियमांत 'आवार'च आहे. तडजोड हवी की नको हे फक्त तक्रार करणारी मुलगी ठरवते, आणि पैसे घेऊन तडजोड चालत नाही. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी हे जरूर वाचावे, कारण आपल्याकडे "मिटवून टाका" हा सल्ला फार लवकर येतो.

रॅगिंगचे वेगळे आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे. २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला, त्यानंतर अनुदान आयोगाने देशभरासाठी कडक नियम केले. १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन तेव्हाचीच. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पालक ज्या प्रतिज्ञापत्रावर न वाचता सही करतात तेही त्याच नियमांतले.

मुलगा वा मुलगी अठरा वर्षांखालची असेल, म्हणजे अकरावी-बारावीची बहुतेक मुले, तर पोक्सो कायदा लागू होतो. तिथे "आपापसात पाहू" याला जागाच नाही. लैंगिक गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

स्टँडवर, एसटीत घडले तर सरळ पोलिस. ११२ वर फोन. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत हद्दीचे कारण सांगून कोणाला परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. लैंगिक गुन्ह्यांत मुलीचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंद होत नसेल तर पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज, आणि तिथेही नाही तर न्यायदंडाधिकारी. फोटो, मेसेज, बनावट खाते असला प्रकार असेल तर १९३० वर कळवा, आणि कृपा करून मोबाइलमधले काही पुसू नका. रागाच्या भरात चॅट डिलीट करणारे बहुधा आपणच, घरचे लोक असतो.

मुलग्यांबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच एप्रिल २०२४ मध्ये एका मुस्लिम विद्यार्थ्याला टोळक्याने अडवले, आधार कार्ड मागितले आणि 'लव्ह जिहाद'चा आरोप करून मारहाण केली. तो वर्गमित्र-मैत्रिणींसोबत जेवून परतत होता, एवढेच. त्या मुलाने पोलिसांत तक्रार दिली आणि चतुःशृंगी ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. अशा वेळी घरात दोनच सल्ले ऐकू येतात, एक "गप्प बस, आपले दिवस नाहीत" आणि दुसरा "चार पोरं घेऊन जा". पहिल्याने पुढच्या मुलाला मार बसतो, दुसऱ्याने आपल्याच मुलावर गुन्हा दाखल होतो. त्या विद्यार्थ्याने तिसरा मार्ग घेतला आणि तो घेता येतो हे दाखवले. अंतर्गत समितीच्या नियमांतही मुलग्यांची तक्रार धरलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नोंद झाली तरी काम संपत नाही, पुढे साक्ष असते. या बाबतीत आपल्या जिल्ह्याने नोव्हेंबर २०१७ हा एक महिना पाहिला आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा नितीन आगे, सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी. २८ एप्रिल २०१४ रोजी भरदिवसा त्याला शाळेच्या आवारातून मारत नेले आणि ठार केले. पाहणारे पुष्कळ होते. कोर्टात मात्र साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि त्या नोव्हेंबरात सगळे आरोपी सुटले. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या सत्र न्यायालयात, कोपर्डीच्या शाळकरी मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोन्ही प्रकरणे वेगळी, हे मान्य. पण एकात लोक पाठीशी उभे राहिले आणि दुसऱ्यात पाहणाऱ्यांनी मान फिरवली, हा फरक नजरेआड करता येत नाही. साक्ष लपवू नका, असे सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत स्पष्ट सांगितले आहे. वर्गातल्या मैत्रिणीवरचा प्रसंग पाहिलेल्या आपल्या मुलीला "तू मध्ये पडू नकोस" असे सांगताना ही आयत आपल्याला का आठवत नाही?

जूनमध्ये प्रवेश घेताना आपण फी विचारतो, बस विचारतो, वसतिगृहाचे जेवण विचारतो. त्यासोबत अंतर्गत समितीचा फलक कुठे आहे तेही विचारा. त्यावरच्या सदस्यांपैकी कोण अजून त्या कॉलेजात आहे, तेही. अनुदानित कॉलेज असेल तर दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. तीन वर्षांत किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या? नावे विचारायची नाहीत, ती गुप्तच राहिली पाहिजेत. नुसते आकडे मागायचे.

भाचीचे पुढे काय झाले ते सांगते. मी तिला न विचारता काही केले नाही. तिनेच आठवड्याने होकार दिला, मग मी दुलाभाईंशी बोलले. त्यांचे पहिले म्हणणे मोहल्ल्यातली चार पोरे नेऊन 'समज' देण्याचे होते. आपाचे म्हणणे, परीक्षेपुरती घरीच राहू दे. दोन रात्री वाद झाला. आपाला मी एवढेच विचारले, "त्या मुलाच्या अम्मीने त्याचं कॉलेज बंद केलंय का?" त्या गप्प झाल्या. भाचीने स्वतः अर्ज लिहिला. तारखा, वेळा, फोटो काढल्याचा दिवस, जवळ बसलेल्या मैत्रिणीचे नाव, तिला आधी विचारून.

कॉलेजच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "लेखी कशाला? मुलीचं नाव खराब होईल. आम्ही त्याला दम देतो." दुलाभाई उठायलाच निघाले होते. भाची म्हणाली, "सर, दमही द्या आणि पोचही द्या." अर्धा तास बसवून ठेवले, पण शिक्का मिळाला. नवव्या दिवशी समितीच्या मॅडमनी तिला बोलावले. मैत्रीण साक्षीला गेली. तिच्या घरच्यांनी तिला जाऊ दिले हे मला विशेष वाटले. चौकशीत काय झाले ते गुप्त आहे आणि मीही लिहिणार नाही. स्टँडवर तो मुलगा आता दिसत नाही.

पोच आपाच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. ती हातात आली त्या संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून शिक्क्यावरची तारीख वाचली, घडी घालून ठेवली आणि मुलीला विचारले, "उद्या साडेसहाचीच गाडी ना? डबा भाजी-चपातीचा देऊ की खिचडीचा?"