मडके भाजावे लागते

परीक्षांचे निकाल लागले की लातूर आणि नांदेड या शहरांच्या चौकाचौकांत मोठमोठे फलक उभे राहतात. त्यांवर यशवंतांची छायाचित्रे असतात, गुणांचे ठळक आकडे असतात. ज्यांना त्या फलकांवर जागा मिळत नाही त्यांची संख्या अर्थातच अनेक पटींनी मोठी असते. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. बहुसंख्य मुलांच्या वाट्याला ते यश येणार नाही, हे परीक्षेपूर्वीच ठरलेले होते. तरीही त्या एका निकालावरून मुलाची किंमत ठरविण्याची रीत घराघरांत रुजली आहे. या रीतीची पारख याच भूमीच्या अनुभवावर करून पाहणे अगत्याचे आहे.

ज्या ‘लातूर पॅटर्न’चा गाजावाजा होतो, त्याचे मूळ स्वरूप पाहिले तर त्यात चमत्कार असा काहीच नाही. रोजचा पाठ रोज करणे, ठरावीक अंतराने चाचणी देणे, झालेल्या चुकांची उजळणी करणे आणि या सर्वांवर शिक्षकाची नजर असणे, एवढेच त्याचे मर्म. मागासलेल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रदेशातील मुलांनी नियमाने अभ्यास करून मोठ्या शहरांतील मुलांची बरोबरी केली, ही अभिमानास्पद गोष्ट होय. परंतु यश आकड्यांत मोजले जाऊ लागले तसा आकडा पुढे आला आणि अभ्यास मागे पडला. आकडाच सर्वस्व ठरला की तो अभ्यासाविना मिळविण्याचा मोहही फार दूर राहत नाही. २०२४ मधील त्या परीक्षेच्या गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, हा केवळ योगायोग मानून चालणार नाही.

मराठवाड्याचा इतिहास याबाबतीत पुष्कळ बोलका आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली हैदराबादवरील कारवाई १७ सप्टेंबरला संपली. अवघ्या पाच दिवसांत निजामाची राजवट कोसळली. पण त्या पाच दिवसांमागे किती वर्षे उभी होती, याचे स्मरण क्वचितच केले जाते. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुले घडविली. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह आरंभिला, तेव्हा अशा शाळांतून आलेल्या तरुणांचे बळ त्या लढ्याला लाभले. राजवट गेल्यानंतरही स्वामीजींनी विजयोत्सवावर समाधान मानले नाही. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ आले. राज्य बदलण्यास पाच दिवस पुरले. गावच्या मुलाला घराजवळच्या विद्यापीठाची पदवी मिळण्यास सेहेचाळीस वर्षे लागली.

याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेल्या नरहर कुरुंदकरांचे उदाहरण तर आजच्या प्रत्येक पालकाने ध्यानी घ्यावे असे आहे. इंटरच्या परीक्षेत त्यांना एकाहून अधिक वेळा अपयश आले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षकी करीत ते वाचत राहिले, लिहीत राहिले, वाद घालीत राहिले. १९६३ साली ते पीपल्स कॉलेजात अध्यापक म्हणून आले आणि १९८२ साली निधन होईपर्यंत अवघ्या महाराष्ट्राचे वैचारिक गुरुजी म्हणून मान्यता पावले. त्यांच्या नापासाच्या वर्षी कोणी त्यांचे अखेरचे मोल ठरविले असते, तर ठरविणाराच हास्यास्पद झाला असता.

जे विद्येच्या बाबतीत खरे, तेच श्रद्धेच्या बाबतीतही खरे आहे. तेरच्या गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांना, यांतील कच्ची मडकी कोणती ते पाहा, असे सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. थापटणे डोक्यावर बसताच नामदेव रुष्ट झाले आणि कच्चे ठरले. ज्याच्याशी साक्षात विठ्ठल बोलतो अशी ख्याती, त्याला औंढा नागनाथला विसोबा खेचरांपाशी शिष्य म्हणून जावे लागले. देवाची कृपा एका क्षणात झाली असेल. अहंकार गळण्यास मात्र वेळ लागला. हेच नामदेव पुढे पंजाबपर्यंत पोहोचले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले, ते नांदेडच्या भूमीवर. या ग्रंथाच्या पठणाच्या रीतीही उद्बोधक आहेत. सुमारे ४८ तासांत पूर्ण होणारा अखंड पाठ आहे, तसाच ‘सहज पाठ’ही आहे. त्यात घरचा उद्योग सांभाळून, रोज जमतील तेवढी पाने वाचीत १४३० पृष्ठे संपवायची असतात. त्याला महिने लागोत वा वर्ष लागो, पाठाचे पुण्य उणे होत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. ‘हळूहळू होईल’ हे शब्द उपेक्षितांना फार वेळा ऐकवले गेले आहेत. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. त्या साडेपंधरा वर्षांना संयमाचे नाव देणे ही क्रूर थट्टा ठरेल. ज्याचा हक्क आहे त्याला थांबवून ठेवणे ही चालढकल होय. स्वतःला घडविण्यासाठी स्वतः वेळ देणे ही साधना होय. पहिल्या प्रकारात एकाचा विलंब दुसऱ्याच्या सोयीचा असतो, दुसऱ्यात रोज काहीतरी पुढे सरकलेले असते. म्हणून न्याय मागताना घाई करावी आणि माणूस घडविताना करू नये, एवढा विवेक राखणे अवघड नाही.

हा विवेक प्रथम घरातच दाखवावा लागेल. कचेरीतून परतल्यावर रात्री तासभर पुस्तक उघडणारा लिपिक आणि मागच्या बाकावरील मुलाची वही रोज न चुकता तपासणारा शिक्षक यांचे फलक कोठेही लागत नाहीत. तरीही गावाचे शहाणपण अशाच माणसांच्या आधारावर उभे असते. यंदा ज्या मुलाचे नाव यादीत आले नाही, त्याला घरी परतल्यावर पहिला प्रश्न गुणांचा न विचारता ‘जेवलास का?’ असा विचारला गेला, तरी पुष्कळ साधेल. पुढचा अभ्यास दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करता येतो.