छापखाना : सांगोवांगी आणि सत्य

सकाळचे वर्तमानपत्र, भिंतीवरची दिनदर्शिका, दप्तरातले पुस्तक, औषधाच्या पाकिटावरची मुदत. छापील अक्षर डोळ्यांखालून गेले नाही असा दिवस मराठी घरात सहसा उजाडत नाही. हा शोध अंगवळणी पडला, तशा त्याच्याविषयीच्या ऐकीव गोष्टीही अंगवळणी पडल्या. त्यांतल्या पाच तपासून पाहू.

गैरसमज १ : छपाईचा शोध गुटेनबर्गने लावला.
वस्तुस्थिती : चीनमध्ये कोरीव लाकडी ठशांनी छापलेली ‘वज्रच्छेदिका’ सूत्राची गुंडाळी इ.स. ८६८ची आहे आणि ती तारीख तिच्यावरच छापलेली आहे. बी शेंग या चिनी कारागिराने अकराव्या शतकात भाजलेल्या मातीचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, केले. कोरियात १३७७ साली धातूच्या खिळ्यांनी बौद्ध ग्रंथ छापला गेला. गुटेनबर्गचे बायबल जर्मनीतल्या माइन्झ शहरात पुरे झाले, ते १४५५च्या सुमारास.

गैरसमज २ : गुटेनबर्गची करामत म्हणजे दाबयंत्र.
वस्तुस्थिती : द्राक्षे पिळायचे दाबयंत्र युरोपात आधीपासूनच होते. गुटेनबर्गचे खरे कसब खिळ्यांत आणि शाईत होते. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे मिश्रण चटकन वितळते, चटकन थिजते आणि अक्षराची कड नेमकी उमटवते. पाण्यात कालवलेली शाई धातूवर नीट बसत नाही, म्हणून त्याने तेलातली शाई वापरली. रोमन लिपीही त्याच्या पथ्यावर पडली, कारण तिची अक्षरे मोजकी. चिनी लिपीला हजारो खिळे लागतात. त्यामुळे तिकडे अख्खे पान लाकडात कोरणेच शतकानुशतके परवडत राहिले.

गैरसमज ३ : भारतात छापखाना इंग्रजांनी आणला.
वस्तुस्थिती : भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायलाही ४४ वर्षे अवकाश होता. हे यंत्र खरे तर आबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचे होते. वाटेत गोव्याला उतरले आणि तिथेच राहिले. जेझुइट पाद्र्यांनी ते सेंट पॉल कॉलेजात चालवले.

गैरसमज ४ : यंत्र आले, तशी मराठी पुस्तके छापली जाऊ लागली.
वस्तुस्थिती : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरे रोमन! अडचण स्टीफन्स यांनीच १६०८च्या पत्रात सांगितली होती. रोमनला २४ साचे पुरतात, इथल्या लिपीला सहाशे लागतील. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचा हा हिशेब होता. पुढे १६७४मध्ये सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून कंपनीने हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईला धाडला. त्यालाही देशी अक्षरांचे खिळे पाडता आले नाहीत.

ही गाठ सुटली ती बंगालमध्ये. श्रीरामपूरला पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी नागरी खिळे कोरले. मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तिथेच छापून निघाले. त्याच वर्षी मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. खिळ्यांवाचून काढलेली ही देशी वाट होती.

गैरसमज ५ : जुन्या वळणाच्या लोकांना छपाईच नको होती.
वस्तुस्थिती : आक्षेप मुख्यतः शाईवर होता. तीत प्राण्यांची चरबी असे, मग असल्या शाईने छापलेली पोथी देवघरात कशी चालेल? मुंबईच्या गणपत कृष्णाजी यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. तेही शिळाछापावर. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे आणि त्याचा छाप कागदावर घ्यायचा, अशी ही पद्धत होती. त्यामुळे सहाशे साच्यांचा प्रश्नच उरला नाही. वळणदार हस्ताक्षर जसेच्या तसे उमटले आणि पंचांग घरोघर पोचले. सुबक नागरी खिळ्यांचा लौकिक पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने मिळवला.

गोव्यात यंत्र उतरल्यापासून मराठी माणसाच्या हाती छापील पंचांग पडेपर्यंत २७५ वर्षे गेली. शोध लागणे वेगळे आणि तो रुजणे वेगळे. रुजवायला आपली लिपी, आपली शाई आणि आपला वाचक ओळखणारे कारागीर लागतात. शाळेत गुटेनबर्गचा धडा शिकवताना पंचानन कर्मकार आणि गणपत कृष्णाजी यांची नावेही फळ्यावर लिहायला हवीत.