मोटारीतील गारवा आणि घरची दुरुस्ती

वसंत ऋतूत व्याख्याने ठेवण्याची चाल ज्यांनी पाडली, त्यांच्या गावचा वसंत सौम्य असला पाहिजे. तापीच्या खोऱ्यात होळी पेटून विझली की पुढे वसंत म्हणण्यासारखे फारसे काही उरत नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तो त्याहूनही पंधरा-वीस अंशांनी चढतो. याच दिवसांत लग्नसराई असते. याच दिवसांत कुणा म्हाताऱ्या माणसाला धडगावाहून चांदसैलीचा घाट उतरवून तळोद्यास, किंवा नवापूरमार्गे थेट सुरतेच्या दवाखान्यात न्यावे लागते. अशा वेळी मोटारीतला गारवा ही चैन राहत नाही.

आणि नेमका याच आठवड्यात तो दगा देतो. गाडी गॅरेजात जाते, बॉनेट उघडते आणि ‘गॅस संपला’ असा निकाल लागतो. गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या होळीला पुन्हा तोच प्रकार. हा निकाल पुष्कळदा अपुरा असतो, असे आमचे मत आहे. घरच्या अंगणात तपासता येण्याजोग्या बऱ्याच गोष्टी या यंत्रात आहेत. घरी ज्याला हात लावू नये अशी गोष्ट मुख्यतः एकच आहे, आणि ती म्हणजे हा गॅस. या दोहोंमधली सीमा कोठे आहे ते सांगण्याचा येथे हेतू आहे.

त्यासाठी प्रथम हे यंत्र थंडी कशी करते ते पाहिले पाहिजे. खरे म्हणजे ते थंडी करीत नाहीच. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. माठातले पाणी गार का होते हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. सुई टोचण्यापूर्वी दंडावर स्पिरिट लावले की गार वाटते, तेही याच कारणाने. मोटारीत पाण्याऐवजी एक असा पदार्थ असतो की जो मोकळ्या हवेत शून्याखाली २६ अंशांनाच उकळतो. त्याचे नाव आर-१३४ए. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार नळकांडे असते, त्याला कारागीर ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात. त्यात हा पदार्थ उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो.

आता ही वाफ पुन्हा पातळ केली पाहिजे. नाही तर दर मैलाला नवा गॅस ओतावा लागेल. येथे प्रेशर कुकर आठवावा. दाब वाढला की उकळण्याचे तापमान वाढते. बाहेरची हवाच ४३ अंश असेल, तर तिच्यात उष्णता टाकण्यासाठी वाफ तिच्याहून बरीच अधिक तापलेली हवी. समजा ६० अंश. आर-१३४ए ६० अंशांना पातळ व्हायचा, तर त्याच्यावर वातावरणाच्या जवळजवळ १७ पट दाब लागतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या हा सुमारे सातपट झाला. तो दाब देण्याचे काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर करतो. गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये वाफेची उष्णता बाहेर जाते. तेथे पातळ झालेला पदार्थ एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि दाब उतरताच उकळू लागतो.

हे सारे रहाटगाडग्यासारखे आहे. गाडगी खाली जातात, भरून वर येतात, रिती होतात आणि पुन्हा खाली जातात. रहाट चालवून गाडगी संपली असे कोणी म्हणत नाही. गाडगे कमी झाले असेल, तर ते फुटले आहे. गॅसचेही तसेच. तो वापराने संपत नाही. तो कोठून तरी सुटतो.

येथे गॅरेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्याय्य होईल. घरच्या फ्रिजचा सारा मार्ग पक्का बंद असतो, म्हणून तो वीस वीस वर्षे गॅसशिवाय काही मागत नाही असे नव्हे, तर गॅसही मागत नाही. मोटारीत तसे करता येत नाही. काँप्रेसर बाहेरून पट्ट्याने फिरवायचा, म्हणून त्याच्या दांड्याभोवती सील लागते. इंजिन हलते, म्हणून रबरी नळ्या लागतात. या वाटांनी दर वर्षी थोडे थोडे ग्रॅम निसटतातच. पाच-सात वर्षांनी गॅस कमी पडला तर तक्रारीस जागा नाही. दर वर्षी कमी पडत असेल, तर मात्र कोठे तरी गळती आहे आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या गाडग्याने पाणी ओढणे.

आता अंगणात काय करता येते ते पाहू. इंजिन चालू ठेवायचे असेल तेव्हा गाडी बंद पडवीत ठेवू नये, मोकळ्यावर काढावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. बॉनेटपाशी वाकताना उपरणे, ओढणी किंवा सैल बाही पट्ट्याजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी.

पहिला प्रश्न असा विचारावा की हवा कमी येते, की हवा पुरेशी येते पण गार येत नाही? हे दोन वेगळे रोग आहेत. हवाच कमी येत असेल, तर गॅसचा काही संबंध असेलच असे नाही. बहुतेक गाड्यांत सामानाच्या कप्प्यामागे कागदी घडीचा एक फिल्टर असतो. काही जुन्या लहान गाड्यांत तो नसतोही. कप्पा सोडवून तो बाहेर काढावा. आमच्याकडे हिवाळ्यात मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात, पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ असते. तो सगळा हंगाम या फिल्टरवर नोंदलेला सापडतो. (झटकताना तोंड बांधावे, मिरचीची भुकटी कुणाचीही भीड धरीत नाही.) फिल्टर फार मळला असेल तर नवा घालावा, हे काम कोणालाही दहा मिनिटांत जमते. पंखाच मुळी फिरत नसेल, तर गाडीसोबतच्या पुस्तकात पाहून त्याचा फ्यूज तपासावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तारेचा तुकडा घालून काम भागवू नये.

हवा भरपूर पण कोमट येत असेल, तर बॉनेट उघडून एसी चालू करावा. काँप्रेसरच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज होऊन पुढची तबकडी फिरू लागते. काही नव्या गाड्यांत ही जुळणी नसते, तेथे या खुणेवर विसंबू नये. त्याबरोबर कंडेन्सरचा विजेचा पंखा सुरू झाला पाहिजे. आता आणखी एक खूण. दहा मिनिटांनी डॅशबोर्डकडून काँप्रेसरकडे परत येणारी जाड नळी हाताला गार लागली पाहिजे; दमट दिवस असेल तर तिच्यावर घामही दिसतो. काँप्रेसरमधून निघणारी बारीक नळी भाजण्याइतकी तापते, तिला हात लावू नये. जाड नळी चांगली गार आहे आणि तरीही आत कोमट हवा येते, असे दिसले तर गॅसला दोष देण्याचे कारण नाही. आतील गरम-थंड हवेचे झाकण अर्धवट अडकले असण्याचा संभव अधिक. असा मनुष्य गॅरेजात जाऊन गॅस भरून आला, तर त्याने पैसे देऊन चांगल्या यंत्रात बिघाड विकत घेतला असे होईल.

रोगाची वेळही बरेच सांगते. रस्त्यावर धावताना गारवा असतो, पण प्रकाशे गावाच्या गर्दीत किंवा रेल्वे फाटकापाशी उभे राहिले की हवा गरम होते, याचा अर्थ कंडेन्सरला वारा मिळत नाही: पंखा बंद आहे किंवा जाळी बुजली आहे. कापसाच्या गाड्यांमागून हिंडलेल्या मोटारीच्या कंडेन्सरवर बोंडांचा भुसा, किडे आणि चिखल यांचा थर बसतो. इंजिन थंड झाल्यावर, किल्ली काढून घेऊन, साध्या नळीच्या मंद धारेने तो धुवावा. जमल्यास पाणी आतून बाहेर जाईल असे धरावे. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्याच्या नाजूक पात्या वाकतात आणि वाट आणखीच बंद होते. एवढ्या धुण्याने गारवा परत आल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत.

उलट, सुरुवातीला गारवा उत्तम, अर्ध्या तासाने हवा मंद आणि कोमट, थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक, असे असेल तर आत बर्फ धरत आहे. त्याचे कारण मळका फिल्टर असू शकते, गॅसमध्ये शिरलेली ओल असू शकते आणि कमी पडलेला गॅसही असू शकतो. फिल्टर आपण पाहावा. पुढचे कारागिराकडे सोपवावे. तोरणमाळचा घाट चढताना एसी मधेच थांबला म्हणून मात्र घाबरू नये. बऱ्याच लहान गाड्यांत इंजिनावर पूर्ण भार आला की काँप्रेसर आपोआप सुटतो. तसेच गाडीखाली ठिबकणारे पाणी हा बिघाड नव्हे. ते हवेतल्या दमटपणाचे पाणी आहे. ते बाहेर न पडता पायाखालच्या गालिच्यात उतरू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे.

शेवटी सांधे पाहावेत. गॅसबरोबर काँप्रेसरचे तेलही फिरत असते. जेथून गॅस सुटतो तेथे थोडे तेल येते आणि त्या तेलावर धूळ बसून काळा ओशट डाग पडतो. असा डाग दिसला तर साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवावा. बुडबुडे आले तर जागा सापडली. बारीक गळती साबणाला सापडत नाही हेही खरे. पण डाग दाखवून ‘भाऊ, हा सांधा आधी बघा’ असे म्हणता आले, तर पुढचे बोलणे निराळ्या पातळीवर होते.

येथे घरचे काम संपते. बाजारात गॅसचे डबे आणि काट्याचे घड्याळ लावलेल्या नळ्या मिळतात. त्या आणून आपणच गॅस का भरू नये, असा प्रश्न उत्साही तरुण विचारतात. उत्तर स्वयंपाकघरात आहे. गॅसची टाकी भरलेली असो की पाव उरलेली असो, शेगडीची ज्योत सारखीच असते, कारण आत थोडासा जरी पातळ गॅस असला तरी वरच्या वाफेचा दाब केवळ तापमानावर ठरतो. टाकीत किती उरले ते कळण्यासाठी ती तोलूनच पाहावी लागते. मोटार बंद असताना तिचेही असेच. हवा ३० अंश असताना काटा सुमारे ९७ पौंड दाखवील, ४० अंश असताना १३२; मग आत गॅस २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम असो. गाडी चालू असताना काटे अधिक सांगतात खरे, पण तेही पंख्याच्या, इंजिनाच्या गतीच्या आणि उन्हाच्या नादाने हलतात. म्हणून गॅस वजनाने भरायचा असतो. लहान गाडीला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम लागतो. नेमका आकडा आणि गॅसचे नाव बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जास्त भरला तर कंडेन्सर पातळ गॅसने तुंबतो, दाब चढतो आणि गारवा वाढण्याऐवजी उतरतो.

दुसरी अडचण ओलीची. मार्ग एकदा उघडला की हवा आणि ओल आत शिरतात. त्या काढण्यासाठी पंपाने निर्वात करावा लागतो. दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटरपर्यंत उतरला की पाणी ४० अंशांनाच उकळते; त्याच्याही खाली उतरून पंप अर्धा-पाऊण तास चालवला, तर ओल वाफ होऊन निघून जाते. हा पंप घरी नसतो, आणि घाईच्या गॅरेजात असूनही कधी कधी वापरला जात नाही.

तिसरी गोष्ट धोक्याची. पातळ गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती. ज्योतीवर त्याचे विषारी वायू होतात. काही ठिकाणी स्वस्ताई म्हणून स्वयंपाकाचा गॅस मोटारीच्या एसीत भरतात. तो गारवा देतो, हे खोटे नाही. पण कूलिंग कॉइलला भोक पडले, की माणसे बसलेल्या बंद डब्यात तो साठतो आणि एक ठिणगी पुरते. असा उपाय कोणी सुचवला, तर तेथून गाडी काढून न्यावी.

गॅस हवेत सोडून देण्याचा प्रश्नही आपल्यापुरता नाही. पूर्वी मोटारीत आर-१२ हा गॅस असे. तो १९२८ साली शोधला गेला, तेव्हा न जळणारा व बिनविषारी म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की असले वायू वर चढून ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्यातून आर-१३४ए आला. तो ओझोनला इजा करीत नाही, परंतु पृथ्वी तापवण्यात कार्बन डायॉक्साइडच्या तेराशे पटींहून अधिक समर्थ आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्याच्यावरही मर्यादा ठरली आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. नवा आर-१२३४ वायएफ हा त्या बाबतीत फार सौम्य, पण किंचित ज्वालाग्राही आहे. दोहोंची सरमिसळ करू नये. गाडीतला जुना गॅस काढून घेणारे यंत्र ज्या गॅरेजात असेल, ते दोन पैसे अधिक घेत असले तरी आम्ही तेथे जाणे पसंत करू.

तेथे गेल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: गळती कोठे सापडली, सांध्याची रबरी कडी बदलली काय, पंप किती वेळ चालवला आणि किती ग्रॅम भरले. या प्रश्नांनी चांगला कारागीर रागावत नाही; उलट त्याच्या मेहनतीची कोणी दखल घेतली, याचे त्याला बरे वाटते.

घरी आल्यावर एक सवय ठेवावी. थंडीत आपण महिनोन्‌महिने एसीला हात लावीत नाही. मग तेल फिरत नाही, दांड्याचे सील कोरडे पडते आणि होळीच्या सुमारास गॅस तेथूनच निसटलेला असतो. दिवाळीनंतर दर आठवड्यास एकदा, दहा मिनिटे, एसी चालवावा. पावसाळ्यात तर तो असाही लागतोच, कारण कोंडाईबारीच्या घाटात काचेवर आतून धरलेले धुके त्याच्याइतके लवकर दुसरे काही पुसत नाही.