हवा मोजणारी दप्तरं

पर्यावरण दिनाला शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात. काळं धुराडं, हिरवं झाड, खाली घोषवाक्य. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला वाटतं, मुलांच्या हाती खडूंऐवजी मोजमापाचं यंत्र द्यावं.

२०१९ मध्ये लंडनच्या पाच प्राथमिक शाळांतल्या अडीचशेच्या वर मुलांनी हेच केलं. त्यांच्या दप्तरांत हवेतले सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर बसवले होते. किंग्ज कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या. मुख्य रस्त्याने चालत येणाऱ्या मुलांच्या वाट्याला आतल्या गल्ल्यांतून येणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त नायट्रोजन डायऑक्साइड येत होता. सरकारी केंद्र एका जागी उभं असतं. मुलं मात्र वाहनांच्या धुराजवळून, मोठ्यांपेक्षा कमी उंचीवर श्वास घेत चालतात. ती नोंद त्यांच्याशिवाय कोण आणणार?

आमच्या वर्गातलं यंत्र साधं आहे. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा प्रकाश कणांवर आदळून विखुरतो आणि त्यावरून पीएम २.५ चा अंदाज निघतो. हे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणून थेट फुप्फुसांत खोलवर जातात. धुक्याच्या सकाळी आकडा एकदम चढला, तेव्हा पोरं घाबरली. कण दमटपणाने फुगतात आणि स्वस्त सेन्सर फसतो, हे तेव्हा शिकवता आलं. म्हणून वहीत आकड्याशेजारी वेळ, आर्द्रता, वारा हेही लिहायचं आणि यंत्र अधूनमधून प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून पडताळायचं. आकड्यावर शंका घेणं हाच खरा धडा.

मग सातवीतल्या एकीने विचारलं, "बाई, चोवीस तासांची आपली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. आपल्या फुप्फुसांना जास्त चालतं का?" मी सांगितलं, फुप्फुसं सगळ्यांची सारखीच, मर्यादा ठरवताना देश आपल्याला काय झेपेल तेही बघतात. तिला ते पटलं नाही. पटूही नये.

मुलं फार तर वाट बदलू शकतात, वाहतूक नाही. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या व्हॅनची इंजिनं चालू असतात आणि आमच्या वहीत आकडे नेमके तेव्हाच चढतात. पालकसभेत ही वही उघडायची असेल, तर इंजिन बंद करायला लावण्याची तयारी आधी मोठ्यांनी ठेवावी. नाहीतर चित्रकला स्पर्धाच बरी.