कोंबड्यांचे आवार आणि घरचा कुत्रा

वर्धा जिल्ह्यात, जेथे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीचे कूड घालण्याची रीत पूर्वापार आहे, तेथे कोंबड्यांच्या खुराड्याभोवतीही तसेच कुंपण करावे हा विचार स्वाभाविक असला, तरी घरच्या कुत्र्यापुढे ते टिकत नाही. कारण फडफडणाऱ्या पक्ष्याच्या पाठीस लागणे हा श्वानाचा निसर्गदत्त धर्म असून, इमानाने घर राखणारे जनावरही त्या क्षणी धन्याचा हुकूम विसरते. बाजारात मिळणारी षट्कोनी पातळ जाळी पक्ष्यांना आत ठेवते, परंतु कुत्र्याच्या दातांपुढे तिचा निभाव लागत नाही; म्हणून वेल्डिंगची जाड जाळी सुमारे ६ फूट उंच लावण्याची तजवीज करावी.

खरा बंदोबस्त मात्र जमिनीत करावा लागतो. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब ढळून जाळीखाली फट पडते, आणि उकरण्यात निष्णात असलेल्या कुत्र्यास तेवढी पुरते. यास्तव खांबांच्या खड्ड्यांत मुरूम ठासावा, आणि जाळीचा दीड-दोन फुटांचा पदर कुंपणाच्या बुडाशी बाहेरच्या अंगास आडवा पसरून दगडमातीने दाबावा. कुत्रा अगदी कडेलाच उकरतो, मागे सरून उकरण्याचे त्यास सहसा सुचत नाही.

खुराडे म्हणून पत्र्याची बंद पेटी, कितीही मजबूत असली, तरी वैदर्भीय वैशाखात घातकच. ते हवेशीर आणि सावलीत हवे. कुत्र्यास पिलू असतानाच साखळीवर धरून कोंबड्यांची सवय लावावी, परंतु त्या सवयीच्या भरवशावर दाराची कडी उघडी ठेवू नये.