कारखान्याचा आराखडा व पाटाचे पाणी

नाशिकजवळील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे व विद्युत उपकरणांचे सुटे भाग तयार होतात. या परिसरातून वाहणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, पुढे गोदावरीस मिळते. गोदावरीचे पाणी निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वर येथे अडविले जाते व तेथून कालव्यांनी शेतांत पोचते. म्हणून कारखान्यात काय सांडते, हा प्रश्न एकट्या कारखानदाराचा नव्हे; पाटाच्या शेवटी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचाही तो आहे.

लोखंडी भागांना गंज लागू नये म्हणून त्यांवर जस्त, निकेल वा क्रोमियमचा मुलामा देतात. टाकीतून काढलेल्या भागास थोडे द्रावण चिकटून येते व ते धुण्याच्या पाण्यात उतरते. सांडपाण्यातील धातूचा एक मोठा उगम हाच होय. त्यावरील पहिला उपाय गटारापाशी नसून आराखड्यात आहे. भाग वाटीसारखा खोलगट असेल तर त्यात द्रावण साचते. आराखडा करतानाच योग्य जागी भोक ठेवले व भाग टाकीवर काही क्षण निथळू दिला, तर ते द्रावण टाकीतच परत पडते. माल वाचतो आणि घाणही कमी होते.

दुसरा उपाय धुण्याच्या रीतीचा. एक लिटर द्रावण हजारपट विरळ करावयाचे, तर एका टाकीत सुमारे १,००० लिटर पाणी लागते. दोन टाक्या ओळीने मांडून स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीतून पहिलीकडे उलट दिशेने सोडल्यास तेच काम सुमारे ३२ लिटरांत होते. तीन टाक्या असल्यास सुमारे १० लिटरांत.

तरीही उरलेल्या सांडपाण्यातील विषारी क्रोमियम रासायनिक प्रक्रियेने कमी विषारी रूपात आणतात व चुना घालून त्याचा गाळ खाली बसवितात. हा गाळ मातीसारखा दिसला तरी ते खत नव्हे. शेणकचरा कुजतो, धातू कुजत नाही. एकदा जमिनीत मिसळलेला धातू नांगरटीने निघत नाही. २०१६ च्या नियमांनुसार असा धोकादायक कचरा अधिकृत वापरकर्त्याकडे वा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच गेला पाहिजे.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती गावात समजावून द्यावी. कारखान्याचा गाळ कोणी भरावासाठी वा शेतासाठी फुकट देऊ केला, तरी शेतकरी बंधूंनी तो घेऊ नये. नाल्याच्या पाण्याचा रंग वा वास बदललेला आढळल्यास दिवस, वेळ व जागा लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे, आणि तोवर ते पाणी पिकास देऊ नये. फुकटचा गाळ एका दिवसात शेतात येतो. तो काढण्यास पिढी पुरत नाही.